पूर्व डावीकडे

आमच्या घरात सगळ्यांना उलटं वाचता येतं. पुस्तक डोक्यावर उभं करून नव्हे, ते कुणालाही जमेल. आरशात दिसतात तशी अक्षरं, काना अलीकडे, वेलांटी पलीकडे, ओळ उजवीकडून सुरू. ती आम्ही सकाळचं वर्तमानपत्र वाचावं तशी घडाघडा वाचतो. कारण बाबा रबराचे शिक्के करतात. खाली दुकान, वर आम्ही. शिक्का उलटा कोरला तरच ठसा सुलटा उमटतो, हे मला पाढ्यांच्या आधी कळलं होतं. पहिलीत मी फळ्यावर माझं नाव उलटं लिहिलं तेव्हा वर्गशिक्षिकेने आईला बोलावून काळजीने विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" आई म्हणाली, "घरी सगळं उलटंच आहे हो, पण ठीक आहे."

बाबांना एका गोष्टीचा फार अभिमान आहे. त्यांच्या हातून आजवर एकही शिक्का चुकीच्या बाजूने कोरला गेलेला नाही. पलीकडच्या गल्लीतल्या दुकानाने एकदा एका दवाखान्याचा शिक्का सुलटा कोरला आणि सगळ्या चिठ्ठ्यांवर डॉक्टरांचं नाव आरशातलं उमटलं. बाबा ही गोष्ट भुताच्या गोष्टीसारखी आवाज खाली आणून सांगतात.

आता माझ्याबद्दल. आठवीपर्यंत वर्गात माझं नाव 'मौनीताई' होतं. उत्तर येत असलं तरी हात वर जायचा नाही, गेलाच तर कानामागे खाजवून परत यायचा. नववीत काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. एके दिवशी तोंड उघडलं, आवाज बाहेर आला, कुणी हसलं नाही, आणि मग ते तोंड मिटेचना. आई म्हणते, "चौदा वर्षांची थकबाकी एकदम वसूल करतेय."

तर अशा वेळी विज्ञानाच्या बाईंनी वर्गात जाहीर केलं की शाळेच्या गच्चीवर पालकांसाठी आकाशदर्शन ठेवलंय. उत्तरेचं आकाश दाखवायला एक, पश्चिमेचं दाखवायला एक आणि दक्षिणेचं दाखवायला एक, अशा तीन वाटाड्या विद्यार्थिनी हव्यात. प्रत्येकीच्या हातात तारा दाखवायला हिरव्या लेझर उजेडाचा दर्शक. परीक्षा गुरुवारी संध्याकाळी गच्चीवर, कार्यक्रम शनिवारी.

मला दक्षिण हवी होती. मृग दक्षिणेला, व्याध दक्षिणेला, गर्दी दक्षिणेला. जिथे सगळ्यात जास्त माणसं उभी असतील तिथे मला उभं राहून बोलायचं होतं. माझ्या आयुष्यात ही इच्छा मला पहिल्यांदाच झाली होती, त्यामुळे ती जरा मोठ्या आकारातच झाली.

"दक्षिण मी घेणार," मी मधल्या सुट्टीत सांगून टाकलं.

"वा गं वा," माझी मैत्रीण म्हणाली. तिला सगळे 'भोंगा' म्हणतात, कारण ती कुजबुजली तरी शेजारच्या वर्गाला कळतं. "आणि मी काय करू? मीपण दक्षिणच मागणारे."

"मग होऊन जाऊ दे सामना."

"होऊन जाऊ दे. पण हरलीस तर परत मौनीताई व्हायचं नाही हां. मला आता तुझी सवय झालीय."

बाईंनी सगळ्यांना आकाशाच्या नकाशाची एकेक प्रत दिली. मोठं वर्तुळ, त्यात ठिपके, ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा, आणि कडेला चार दिशा. मी ती घरी आणून दुकानाच्या टेबलावर पसरली. बाबा एका गृहसंस्थेचा गोल शिक्का कोरत होते. त्यांनी मान वर केली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि नकाशाकडे नुसतं पाहिलं.

"उलटा आहे," ते म्हणाले.

"काय?"

"पूर्व कुठे असते?"

"उजवीकडे."

"इथे कुठे छापलीय?"

मी पाहिलं. वर उत्तर, खाली दक्षिण, आणि पूर्व चक्क डावीकडे!

"बाबा! डावीकडे आहे!"

"साचा उलटा पडलाय," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात दवाखान्याच्या गोष्टीतली थंडी होती. "छापणाऱ्याने पाहिलं नाही, शाळेनेही पाहिलं नाही. तशीच प्रत काढली आणि पोरांच्या हातात दिली."

आई शिक्क्यांना लाकडी मुठी चिकटवत होती. ती म्हणाली, "अहो, शाळेची माणसं आहेत. काहीतरी विचार केला असेल."

"विचार करून कुणी पूर्व डावीकडे नेतं का?"

"मी बाईंना विचारू का?" मी म्हटलं.

"विचार की. पण चारचौघांत नको, त्यांना वाईट वाटेल. तोवर आपण दुरुस्त करून घेऊ."

मी विचारलं नाही. बाईंना वाईट वाटू नये हे एक कारण होतंच. दुसरं असं की बाकीच्या मुली उलटं आकाश पाठ करणार आणि मी सुलटं, या कल्पनेने मला गुदगुल्या होत होत्या. वर्षभर अखंड बोलत होते, पण मौन पाळायला बरोबर तीच जागा सापडली.

बाबांनी त्याच रात्रीपासून काम हातात घेतलं. काळा जाड पुठ्ठा आणला, माझ्या खोलीच्या खिडकीच्या मापाचा. नकाशा पारदर्शक कागदावर उतरवून तो कागद उलटा केला, पुठ्ठ्यावर ठेवला आणि प्रत्येक ताऱ्याच्या जागी पंचाने भोक पाडलं. तेजस्वी ताऱ्याला मोठा पंच, मंद ताऱ्याला बारीक. कृत्तिकेचा झुबका तर त्यांनी सुईने केला, श्वास रोखून. भोकांशेजारी पांढऱ्या शाईने नावं लिहिली. कडेला दिशा लिहिल्या: पूर्व उजवीकडे, जिथे ती असायला हवी तिथे. पुठ्ठा खिडकीला लावला, मागे दिवा ठेवला, खोलीतला दिवा मालवला, आणि माझ्या खिडकीत आकाश उगवलं.

खरं आकाश पाहायला मिळतच नव्हतं. नकाशा मिळाला त्याच दिवसापासून वर राखी ढगांचं झाकण बसलं होतं. रोज संध्याकाळी मी गच्चीवर जायचे, वर बघायचे आणि खाली यायचे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय गं, कपडे वाळत घातलेस का?" मी म्हटलं, "नाही काकू, तारे." त्या परत काही विचारायच्या भानगडीत पडल्या नाहीत.

मग जेवणं झाली की खिडकीपुढे आमची परीक्षा चालायची. बाबा पट्टी घेऊन परीक्षक.

"मृग दाखव."

"हे चार पाय. पोटात तीन ताऱ्यांचा बाण."

"बाण मारणारा कुठे आहे?"

"बाणाच्या रेषेत खाली उजवीकडे. व्याध. सगळ्या आकाशात सगळ्यात तेजस्वी."

"आणि तीच रेष वर डावीकडे नेली तर?"

"लालसर ती रोहिणी. आणखी पुढे कृत्तिका."

"शाबास. आता डोळे मिटून."

मी डोळे मिटून हवेत हात फिरवायचे. खाली उजवीकडे व्याध, वर डावीकडे रोहिणी. आई दारातून म्हणायची, "पोरगी वाहतूक पोलीस व्हायची लक्षणं आहेत." पण तिलाही नावं यायला लागली होती. एकदा मी तिला भाजी चिरताना स्वतःशी 'पुनर्वसू, पुष्य' म्हणताना पकडलं.

गुरुवारी दुपारी वारा सुटला आणि झाकण उडालं. संध्याकाळी आम्ही सातजणी शाळेच्या गच्चीवर गेलो तेव्हा आभाळ नुकत्याच पुसलेल्या फळ्यासारखं काळं आणि स्वच्छ होतं. बाईंनी गळ्याभोवती मफलर गुंडाळला होता आणि हातात तो हिरवा दर्शक.

भोंगा माझ्या आधी होती. तिने पश्चिमेचं सगळं बरोबर सांगितलं, दक्षिणेत एक चुकवलं. मग माझी पाळी.

"दक्षिणेकडे तोंड कर," बाई म्हणाल्या. "मृग?"

मला तो लगेच दिसला. चार तारे, मध्ये तीन. इतका ठळक की मी मनात त्याला नमस्कार केला. आता वाटतं, मृगानेच दगा दिला. तो डावीकडून आणि उजवीकडून जवळजवळ सारखाच दिसतो. तो सापडला म्हणून मला वाटलं सगळंच सापडलं.

"हा मृग, हे पाय, हा बाण," मी दणदणीत आवाजात म्हटलं.

"छान. व्याध?"

मी डोळे मिटूनही तो दाखवू शकत होते. हात आपोआप खाली उजवीकडे गेला. "हा."

मी माझ्या बोटाच्या दिशेने पाहिलं. तिथे समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी होती. टाकीच्या वर काळोख होता. काळोखात काही नव्हतं.

"टाकीच्या मागे गेला असेल," मी म्हटलं.

"असं?" बाई म्हणाल्या. "आणि डावीकडे तो एवढा लखलखतोय, तो कोण?"

डावीकडे खाली खरंच एक भलताच तेजस्वी तारा होता. माझ्या लक्षात आला होता. माझ्या नकाशात तो तिथे नव्हता म्हणून मी त्याला ग्रहांच्या खात्यात टाकलं होतं.

"तो गुरू असेल, बाई."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बाई हसल्या नाहीत, तेच वाईट होतं.

"रोहिणी?"

मी वर डावीकडे हात केला. तिथे एक तारा होता, पण पांढरा. मी डोळे बारीक करून त्याला लाल करून घेतला. "ही."

"हा प्रश्वा आहे." बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "व्याध आकाशात कोणत्या दिशेला, सांग बरं."

"दक्षिण-पूर्वेला."

"बरोबर. पूर्व दाखव."

मी हात केला. शाळेचं पूर्वेचं फाटक सगळ्यांना माहीत आहे, रोज सकाळी तिथून पाठीवर ऊन घेत आम्ही आत येतो. माझा हात डावीकडे गेला. मी दक्षिणेकडे तोंड करून उभी होते आणि पूर्व माझ्या डाव्या हाताला होती. नकाशात छापली होती तिथेच. आणि खिडकीतल्या पुठ्ठ्यावर ती उजवीकडे होती.

मी हात खाली घेतला.

"बाई," मी म्हटलं, "मी अख्खं आकाश आरशातलं पाठ केलंय."

मग हसायला सगळ्यांना परवानगीच मिळाली. भोंग्याचं हसणं तर रस्त्यावर ऐकू गेलं असेल. बाईंनी सगळं ऐकून घेतलं: साचा, पुठ्ठा, पंच. त्यांच्या मफलरआडून हसू येत होतं, पण त्या म्हणाल्या, "शनिवारी पाहुणे यायच्या आधी ये. परत विचारीन. जमलं तर दक्षिण तुझी, नाही तर हिची." त्यांचं बोट भोंग्याकडे होतं.

भोंगा जिना उतरताना म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस. गुरू फार छान होता."

घरी पोचले तेव्हा बाबा दुकान बंद करत होते. "काय, मिळाली ना दक्षिण?"

"बाबा, नकाशा बरोबर होता. आपला पुठ्ठा उलटा आहे."

त्यांनी शटर अर्ध्यावर सोडलं. "कोण म्हणतं?"

"आकाश म्हणतं."

"तुझ्या बाईंनी ऐनवेळी गोंधळ घातला असेल."

"बाईंनी व्याध कुठे हलवला का? इथून उचलून तिथे ठेवला का?"

"मी जन्मभर हेच काम करतोय. उलट-सुलट मला शिकवायचं नाही."

"शिकवत नाहीये. दाखवते. वर चला."

"मला वेळ नाही."

आई जिन्यावरून म्हणाली, "जा हो. वेळ नाही म्हणणाऱ्या माणसाने गेली पंधरा मिनिटं ते शटर धरून ठेवलंय."

गच्चीवर जाताना मी बाईंची मूळ प्रत घेतली. बाबांनी ती नेहमीच्या सवयीने पोटाशी धरली, टेबलावरचं काम बघावं तशी. "बघ. पूर्व डावीकडे. आता तूच सांग."

"असं नाही. आडवे व्हा."

"काय?"

"सतरंजीवर पाठीवर पडा. डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला."

कपड्यांच्या दोरीखाली बाबा कुरकुरत आडवे झाले. मीही शेजारी पडले आणि नकाशा त्यांच्या तोंडावर धरला, छापलेली बाजू खाली. "आता पूर्व कुठे आहे बघा. कागदावरची आणि खरी."

बाबांनी डावीकडे मान वळवली. तिकडून रोज सूर्य आमच्या टाकीवर चढतो. मग कागदाकडे पाहिलं. मग परत टाकीकडे. मी नकाशा बाजूला केला. मृग समोर उभा होता, त्याचा बाण तिरका, आणि बाणाच्या रेषेत खाली डावीकडे तो लखलखीत.

"हा व्याध?" त्यांनी विचारलं.

"हो."

बाबांनी बोटाने बाणाची रेष हवेत ओढून पाहिली. खालून आईचा भांड्यांचा आवाज येत होता.

"आपण मागून बघतोय," ते शेवटी म्हणाले.

"म्हणजे?"

"कागदावर ठसा उमटला, तो पुढून बघितला की सुलटा. तोच कागद उजेडासमोर धरून मागून बघितला तर? जमिनीचा नकाशा आपण पुढून बघतो, वरून. आभाळ म्हणजे वर पसरलेला कागद आणि आपण त्याच्या मागच्या बाजूला. खाली. छापणाऱ्याला हे माहीत होतं." ते उठून बसले. "त्याने मुद्दाम तसा छापला आणि मी त्याला मूर्ख म्हटलं."

"मीपण म्हटलं की."

"तू पोर आहेस. मी कारागीर आहे." त्यांनी गुडघ्यावरची धूळ झटकली. "माझ्यामुळे तुझी दक्षिण गेली."

"अजून गेली नाहीये. पण बाबा, शनिवारच्या आत मला अख्खं आकाश पलटायचंय."

ते एकदम उभे राहिले. आम्ही दोघं खाली धावलो. बाबांनी खिडकीवरचा पुठ्ठा काढला, फिरवला आणि पाठची बाजू खोलीकडे करून लावला. भोकं ती भोकंच. दिवा लागला आणि आकाश सुलटं झालं. फक्त नावं दुसऱ्या बाजूला गेली होती.

"थांब, शाई आणतो. या बाजूनेही लिहितो."

"नको," मी म्हटलं. "आकाशात कुठे लिहिलेली असतात?"

शुक्रवारची सगळी संध्याकाळ मी त्या निनावी भोकांसमोर बसले. डोक्याला पटलं होतं, हाताला पटेना. 'व्याध' म्हटलं की हात उजवीकडे सुटायचा, म्हशीने ओळखीच्या गोठ्याकडे वळावं तसा. बाबांनी एकदा गमतीने माझा उजवा हात खुर्चीला बांधून ठेवायचं सुचवलं. आई म्हणाली, "बांधा, म्हणजे शाळेत घरी सगळं ठीक आहे का विचारतील परत."

शनिवारी सातच्या सुमारास मी गच्चीवर पोचले. बाई सतरंज्या पसरत होत्या.

"व्याध?"

माझा उजवा हात उठला, थबकला, खाली आला. डावा वर गेला. "हा."

"रोहिणी?"

पुन्हा तेच. आधी चुकीकडे झेप, मग सुधारणा. पुनर्वसू बरोबर. कृत्तिका बरोबर. सगळं बरोबर, पण प्रत्येक उत्तराला एक अडखळ.

बाई म्हणाल्या, "डोकं वळलंय, हात अजून वळायचाय. लोकांसमोर असं झालं तर ते तुझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, आणि मग माझ्यावरही. आज दक्षिण तिला देते. तू लाल कागद लावलेल्या टॉर्च वाट, नकाशे वाट. पुढच्या वेळी तुझी."

रडू आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण टॉर्च वाटायच्या होत्या आणि रडत टॉर्च वाटणारी मुलगी फार वाईट दिसते. मी वाटल्या. नकाशे वाटले. बाबा आणि आई आले तेव्हा त्यांना सांगितलं, "भोंगा." बाबांनी मान हलवली. त्यांनी ठेवणीतला शर्ट घातला होता.

भोंग्याने हिरवा दर्शक पेटवला आणि सुरुवात केली. आवाजाचा प्रश्न नव्हताच. "हा बघा मृग! आता आपापल्या नकाशात मृग शोधा!"

पालकांनी टॉर्चचा उजेड पोटाशी धरलेल्या नकाशांवर पाडला. कुजबूज झाली. मग एक उंच काका म्हणाले, "अहो, हे उलटं छापलंय. पूर्व डावीकडे दाखवलीय."

"माझ्यातही तसंच आहे," दुसऱ्या काकू म्हणाल्या.

"सगळ्यांतच आहे. शाळेने एवढंही तपासू नये?"

"पोरांना हेच शिकवतात वाटतं!"

"नाही हो, बरोबर आहे ते," भोंगा म्हणाली.

"बरोबर कसं? पूर्व डावीकडे असते का?"

भोंगा गप्प झाली. तिला गप्प झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. ती मोबाईलवर शिकली होती. मोबाईल आभाळाकडे धरला की चित्र आपोआप जुळतं, त्यामुळे हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. बाई गच्चीच्या दुसऱ्या टोकाला दुर्बिणीपाशी होत्या. उंच काका नकाशाची घडी करायला लागले.

"मौनी!" भोंगा ओरडली. "इकडे ये! तुझा विषय निघालाय!"

मी टॉर्चचा खोका खाली ठेवला आणि गर्दीतून पुढे गेले.

"काका, घडी करू नका. तुम्ही कुणाचं घर शोधायला नकाशा काढता तेव्हा ते घर कुठे असतं? जमिनीवर. म्हणून कागदही खाली बघायचा. आज जे शोधायचंय ते कुठे आहे?"

"वर."

"मग कागद वर धरा. डोक्यावर. छापलेली बाजू तोंडाकडे. सगळ्यांनी! आता दक्षिणेकडे तोंड करा, नकाशातली दक्षिणही तिकडेच येऊ दे. टॉर्चचा उजेड खालून पाडा. पूर्वेचं फाटक कुठे आहे?"

"डावीकडे," चारपाच आवाज आले.

"आणि नकाशात?"

एक लांबलचक "अ-च्छा" गच्चीभर पसरलं. उंच काका दोन्ही हात वर करून उभे होते, पाऊस पडतोय आणि छत्री विसरलीय असे.

"पण हे सुचतं कुणाला?" ते म्हणाले. "मी तर पैजेवर सांगितलं असतं की छपाई चुकली."

"मीही सांगितलं होतं," मागून आवाज आला. बाबा. "मी शिक्के करतो. उलट-सुलट हाच माझा धंदा. हा नकाशा मी चुकीचा ठरवला, पोरीला दुरुस्त म्हणून उलटा करून दिला आणि तिची परीक्षा बुडवली. तेव्हा तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

लोक हसले, आणि बाबाही. आईने पदराने नाही, चक्क नकाशाने तोंड झाकलं.

भोंग्याने दर्शक माझ्या हातात कोंबला. "घे. मला पश्चिम बरी. तिथे प्रश्न कमी आहेत."

"बाई काय म्हणतील?"

"मी म्हणतेच आहे," बाई म्हणाल्या. त्या दुर्बीण सोडून केव्हाच मागे येऊन उभ्या होत्या. "चुकलेल्या माणसांची चूक जिला कळते तिलाच इथे ठेवायला हवं. हात अडखळला तर अडखळू दे."

अडखळला. पहिल्या व्याधाला दर्शकाचा हिरवा उजेड टाकीवर जाऊन आदळला. मी म्हटलं, "ही टाकी. आणि हा व्याध," आणि उजेड डावीकडे नेला. लोक पुन्हा हसले, पण माना माझ्या उजेडामागून वळल्या. मृगावरून रोहिणी, रोहिणीवरून कृत्तिका, परत फिरून पुनर्वसूची जोडी. कुणाच्या तरी लहान मुलीने कृत्तिकेत सात मोजले, तिच्या आजोबांनी पाच, आणि त्यांचं भांडण लागलं.

मग एका आजींनी माझी बाही ओढली. "अगं, तो कोणता? खाली, त्या दोन इमारतींच्या फटीत?"

दक्षिणेला अगदी खाली, छपरांना टेकेल असा एक तेजस्वी तारा होता. नकाशाची खालची कड खिडकीच्या मापात बसली नव्हती, त्यामुळे माझ्या पुठ्ठ्यात तो कुठेच नव्हता. मला त्याचं नाव येत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि गंमत म्हणजे मला काहीच वाटलं नाही.

"माहीत नाही, आजी," मी म्हटलं. "धरा नकाशा डोक्यावर. शोधू."